पावसाळ्याचं वय विचारताना

चंद्रपूर-गडचिरोलीत भूशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना घेऊन नदीपात्रं, खाणी आणि शेतं हिंडलो. आपला मोसमी पाऊस मुळात कधीपासूनचा, हा प्रश्न तिथे हटकून निघायचा. त्या हिंडण्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आजच्या हवेवरून जुन्या हवेचा अंदाज बांधू नये. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. याच भागात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ (चंद्रपूरची इरई नदी वेगळी) चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७० च्या दशकात ते नोंदवले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथून बर्फाचे थर सरकत होते. त्यांच्या तळात अडकलेल्या दगडगोट्यांनी हा खडक घासला. तेव्हा आपली भूमी गोंडवन या महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती.

२. लाकडात वलय दिसलं की लगेच पावसाळा म्हणू नये. बर्फ ओसरल्यावर दलदलीत साचलेल्या झाडोऱ्याचा बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा झाला. त्याच्यालगतच्या शेलचा पापुद्रा अलगद सोडवला की ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेसारखी पानं एकावर एक निजलेली दिसतात. मधली शीर आणि तिच्या दोन्ही अंगांची जाळीसुद्धा. त्या काळच्या खोडांतही वलयं आहेत, पण तेवढ्या दक्षिणेला लांबलचक अंधारा हिवाळाही वाढ थांबवू शकतो. आपल्या सागाला वलय पडतं ते कोरड्या महिन्यांमुळे. त्यावरून जुन्या पावसाचा अंदाज पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत बांधला गेला आहे. वलयाचा अर्थ कळायला ते झाड पृथ्वीवर कुठे उभं होतं, हे आधी कळावं लागतं.

३. कंकराकडे दुर्लक्ष करू नये. मी सर्वांत जास्त वेळ याच्यापाशी थांबतो. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं. पुढे माती वाळली की तो तिथेच गाठ धरतो. बारमाही ओल असेल तर चुना वाहून जातो, पाऊस नसेल तर विरघळतच नाही. म्हणून कंकर म्हणजे ओल आणि कोरड यांच्या पाळीची खूण. वरोऱ्याकडच्या काळ्या मातीत तो आजही सापडतो. सिरोंच्यापासून प्राणहितेपलीकडे मालेरीपर्यंत पसरलेल्या गाळाच्या खडकांत, वीस कोटी वर्षांहून जुन्या लाल मातीतही अशा गाठी मिळतात. तेव्हा सगळे खंड एकत्र होते. एवढी मोठी जमीन उन्हाळ्यात तापायची आणि समुद्रावरचे वारे ओढायची. संशोधक त्याला महामान्सून म्हणतात.

४. सगळं श्रेय हिमालयाला देऊ नये. शाळेत तसंच ठसवलं जातं, पण महामान्सूनच्या काळी हिमालय नव्हता. जमीन-समुद्राचं वेगळं तापणं आणि सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं एवढ्यावर ऋतुचक्र उभं राहू शकतं. भारत आशियाला भिडला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी; पर्वतांनी उत्तरेची थंड कोरडी हवा अडवली आणि आपल्या पावसाला बळ दिलं. ते बळ नेमकं कधी आलं, यावर अजून वाद आहे आणि तो विद्यार्थ्यांपुढे तसाच ठेवावा.

५. शेणसुद्धा पारखून घ्यावं. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म गारकण असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, पुढे भाताच्या कुळाशी नातं सांगणारेही ओळखले गेले. मूल-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात हे सांगताना मला आजही भरून येतं. पण तेवढ्यावरून तिथे कुरणं होती असं म्हणता येत नाही. त्याच शेणात ताड आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश आहेत. शिवाय भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, म्हणून त्यावरून आजच्यासारखा पावसाळाही गृहीत धरू नये.

६. कोटी वर्षांचा बदल आणि आपल्या हयातीतला बदल एका मापाने मोजू नये. ‘हवामान बदलतच आलंय’ असं म्हणून निर्धास्त होणारे भेटतात, तेव्हा मला राग येतो. लोणार सरोवराच्या गाळात सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या काळाच्या खुणा आहेत. हिमालय जागेवर होता, समुद्र जागेवर होता, तरी पाऊस रोडावला. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांच्या, भरवशावर धान घेणाऱ्याला तेवढा फरकही पुरे. आणि लाखो वर्षांत मुरलेला कार्बन आपण चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाबरोबर काही दशकांत जाळतो आहोत.

७. जीवाश्म उचलून घरी नेऊ नये. कुठल्या थरातून आला हे हरवलं की तो हवामानाविषयी जवळपास मुका होतो. पिसदुऱ्याच्या शेतात किंवा सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल. ठिकाण लिहून घ्या आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. वडधमला तर आधी तिथल्या वनरक्षकाला.