शरणपूर : एका लहान गावाचा धडा

शास्त्रपाठ : गणना 35:9-15

नकळत मनुष्यहत्या घडलेल्यास आसरा मिळावा म्हणून सहा नगरे नेमण्याची आज्ञा ह्या पाठात आहे. तो आसरा इस्राएलासच नव्हे, तर परक्यास व उपऱ्यासही होता. मराठी शास्त्रात ह्या नगरांना शरणपुरे म्हटले आहे.

नाशिकजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती गावाचे नाव शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस ह्यांनी ते वसवले. तेथे उपासना, शाळा, सुतारकाम व लोहारकाम शेजारी शेजारी चाले. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली गेली. त्यांचा देश निराळा, भाषाही निराळी. तरी गावाने त्यांना ठेवून घेतले.

त्यांतील याकोब वेनराइट ह्याने 1873 साली आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांचे हृदय पुरताना अंत्यविधीची उपासना वाचली. सोबत्यांसह त्याने त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवला. 1875 च्या सुमारास मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसले, तेव्हा तेथील सेवेतही शरणपूरची माणसे होती. आसरा घेणारे आसरा देणारे झाले!

आम्ही बेळगाव-निपाणीकडील विश्वासी 1956 पासून भाषेच्या प्रश्नाची झळ सोसत आहो. मग कानडी वा हिंदी बोलणारे एखादे कुटुंब आमच्या मंडळीत मागच्या बाकावर एकटे बसून परत जाते काय? झळ सोसलेल्यांनीच आधी दार उघडावे.

मननासाठी : आमची मंडळी कोणासाठी शरणपूर आहे?