ब्रायटन येथील छत्री

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन हें पूर्वीं कोळ्यांचें लहानसें गांव होतें. इ. स. १७५० च्या सुमारास डॉ. रिचर्ड रसेल यांनीं समुद्रस्नान आरोग्यास हितकर असल्याचें प्रतिपादिलें आणि तेथें श्रीमंतांची रीघ लागली. पुढें चौथ्या जॉर्जनें हिंदी धर्तीच्या घुमटांचा राजवाडा उभारविला. १८४१ सालीं लंडनहून आगगाडी आली व सामान्य जनही सुटींत तेथें जाऊं लागले.

परंतु आम्हांस हें नगर निराळ्याच कारणानें स्मरतें. पहिल्या महायुद्धांत, १९१४ सालीं, त्याच विलासमंदिराचें जखमी हिंदी शिपायांसाठीं रुग्णालय झालें. जातिधर्म पाहून स्वयंपाकघरेंही निरनिराळीं ठेविलीं होतीं. कित्येक बरे झाले. कित्येकांस घर पुन्हा दिसलें नाहीं. ५३ हिंदू व शीख शिपायांचें दहन जेथें झालें, त्या टेकडीवर १९२१ सालापासून संगमरवरी छत्री उभी आहे. मौजेच्या त्या नगरीचा इतिहास वाचतांना ही छत्री आपण विसरूं नये.