शाळेची वाट आणि शहराचा रस्ता
(इयत्ता तिसरी ते सातवीच्या शिक्षकांकरिता)

गावातील शाळेची वाट ही पूर्वी शिकवण्याची बाब नव्हती. बैलगाडीची चाहूल दुरून लागे, आणि मूल आपोआप कडेला होई. आज शहरालगतच्या गावांत ही स्थिती राहिलेली नाही. पुणे महानगरपालिकेत २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस यांसारख्या त्या गावांतील मुलांचे घर तेच आहे, परंतु दारापुढील रस्ता शहराचा झाला आहे. ज्या पुण्याची ओळख एके काळी सायकलींचे शहर अशी होती, त्याच पुण्यात सायकलीवर शाळेस निघालेल्या मुलाची चिंता आज घरोघरी वाहिली जाते. इतर जिल्ह्यांतील शहरांच्या सीमेवरही हेच चित्र आढळते.

हा प्रश्न किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पादचारी होता. तेव्हा रस्त्यावर कसे वागावे याचा पाठ प्रत्येक शाळेत व्हावयास हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो, त्या पाठात काय शिकवावे याविषयी.

सामान्यतः हा पाठ ‘सावध राहा’ या दोन शब्दांवर येऊन थांबतो. फळ्यावर नियम लिहिले जातात, मुले ते पाठ करतात, आणि परीक्षेत गुणही मिळवतात. परंतु नियम पाठ असलेले मूल रस्त्यावर सुरक्षित असतेच असे नाही. स्वीडनमधील बालमानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वर्तनाचा अभ्यास केला. लहान मुलांस केवळ शिकवणुकीच्या बळावर मोटारींच्या रहदारीशी जुळवून घेता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिक्षकांस हे अनुभवाने पटण्यासारखे आहे. दुसरीतील मुलाची उंची सुमारे १.२ मीटर असते, आणि उभ्या मोटारीची सुमारे दीड मीटर. त्या मोटारीआडून मुलास रस्ता दिसत नाही आणि वाहनचालकास मूल दिसत नाही. येणारे वाहन किती वेगात आहे याचा अंदाज बांधण्याची शक्ती वयाबरोबर हळूहळू येते. पलीकडून मित्राने हाक मारली की पाठ केलेला नियम क्षणात विसरला जातो. हा मुलाचा दोष नव्हे, ते वयच तसे आहे.

म्हणून या पाठाचे दोन भाग मानावेत. पहिल्या भागात मुलास सवय लावावयाची आहे, आणि दुसऱ्या भागात रस्त्याची परीक्षा घ्यावयाची आहे.

भाग पहिला : सवय

हा भाग वर्गात बसून होणार नाही. प्रथम मैदानावर चुन्याने रस्ता आखावा, दोन्ही कडा आणि मधले पट्टे काढावेत. काही मुलांनी वाहने व्हावे, काहींनी पादचारी. नंतर सात-आठ मुलांचा गट घेऊन, एका पालकास सोबत ठेवून, खऱ्या रस्त्यावर तेच करून घ्यावे.

ओलांडण्यापूर्वी कडेला पूर्ण थांबावे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या जवळून जाणारे वाहन त्याच्या उजवीकडून येते. यासाठीच आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावयाचे. हे कारण मुलांकडून काढून घ्यावे, कारण समजून घेतलेला नियम अधिक टिकतो. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरही दोन्ही बाजूंस पाहण्याची सवय लावावी, कारण उलट दिशेने येणारी दुचाकी ही दुर्मीळ गोष्ट नाही. ओलांडताना चालावे, धावू नये. उभ्या असलेल्या बसच्या पुढून जाऊ नये. बसला वळसा घालून पुढे येणाऱ्या वाहनास मूल दिसत नाही. बस निघून जाईपर्यंत थांबणे हेच खरे.

सायकल चालवणाऱ्या मुलांसाठी आधी सायकलीची तपासणी घ्यावी. दोन्ही ब्रेक लागतात काय, घंटा वाजते काय, मागे लाल परावर्तक आहे काय, आणि बैठकीवर बसून पाय जमिनीस टेकतात काय, हे प्रत्येक मुलाने दुसऱ्याच्या सायकलीवर पाहावे. मोठ्या भावाची उंच सायकल ही मुलास अभिमानाची वाटली तरी ऐन वेळी ती आवरत नाही. दप्तर हँडलला अडकवू नये. वळण्यापूर्वी मागे पाहावे आणि हात दाखवावा. ट्रक वा बस वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. डाव्या बाजूच्या त्या अरुंद जागेत सायकल शिरली तर चालकास ती दिसत नाही. म्हणून अशा वाहनाच्या डाव्या अंगाने कधीही पुढे जाऊ नये. ही एक गोष्ट जरी मुलांच्या मनावर ठसली तरी पाठाचे सार्थक झाले असे समजावे.

भाग दुसरा : रस्त्याची परीक्षा

या भागास गणिताच्या तासाचा उपयोग करून घेता येईल. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाचे सुमारे १७ मीटर. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरावे. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर पहिले वाहन आणखी सुमारे ५ मीटरांत थांबते. दुसऱ्यास मात्र सुमारे २० मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. एकूण अंतर पहिल्याचे १३ मीटर, दुसऱ्याचे ३७ मीटर. ही दोन्ही अंतरे मैदानावर मोजून तेथे मुले उभी करावीत. आता असे समजा की, वाहनापुढे १५ मीटरांवर एक मूल रस्त्यात आले. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन त्याच्या अलीकडे थांबेल. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनाचा ब्रेक तोपर्यंत लागलेलाही नसेल. मूल तेच, चूक तीच. एकदा ते दचकून घरी जाईल, आणि एकदा घरी पोहोचणार नाही.

दुसरे उदाहरण रुंदीचे घ्यावे. लहान मूल सेकंदास १ मीटर चालते असे धरले तर १० मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्यास १० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १६७ मीटर पुढे येते. म्हणजे मुलाने दोन्ही बाजूंस इतक्या दूरवरचे वाहन हेरावयास हवे. मध्ये थांबण्यापुरता उंच दुभाजक असला तर एका वेळी ५ मीटरच ओलांडावयाचे, एकाच बाजूकडे पाहावयाचे, आणि अंतर ८३ मीटरांवर येते. रस्त्याची रचना बदलली की मुलाच्या डोक्यावरील भार निम्मा होतो, हे मुलांस आकड्यांनीच दिसेल.

शहराचा रस्ता असा बदलता येतो, याचे प्रसिद्ध उदाहरण नेदरलँड्सचे आहे. आज सायकलींसाठी नावाजलेल्या त्या देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पुढील वर्षी मुलांच्या या मृत्यूंविरुद्ध तेथील पालकांनी चळवळ उभी केली. त्यांनी मुलांस घरात कोंडले नाही, तर वाहनांचा वेग कमी करण्याची आणि सायकलीस वेगळी वाट देण्याची मागणी केली. १९७६ साली तेथील कायद्याने, ज्या निवासी गल्ल्यांत वाहनाने माणसाच्या चालीनेच जावयाचे, अशा गल्ल्यांस मान्यता दिली. पुढील दशकांत मुलांचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. आणि शिकवणूकही सुटली नाही. तेथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांत मुलांची सायकल चालवण्याची परीक्षा होते, आणि तीही प्रत्यक्ष रस्त्यावर. सवय आणि रस्ता या दोहोंस तेथे हात घातला गेला, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही आधार नाही असे नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्यास आधी जाऊ द्यावे, असे २०१७ चे मोटार वाहन चालनाचे विनियम सांगतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. जेथे वाहने आणि माणसे एकत्र येतात तेथे वेग ताशी ३० किलोमीटरांच्या आत ठेवावा, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे.

तेव्हा मीटर टेप घेऊन मुलांनी शाळेच्या फाटकापासून दोनशे पावलांपर्यंतचा रस्ता मोठ्यांच्या सोबतीने तपासावा. पदपथ आहे काय, मोकळा किती उरतो, झेब्रा पट्टे दिसतात की पुसले गेले, कोठे उभ्या वाहनांनी दृष्टी अडते, फाटक थेट रस्त्यावर उघडते काय, हे सर्व एका कच्च्या नकाशावर टिपावे. परिसर अभ्यासाचा याहून उत्तम पाठ शोधून सापडणार नाही. तो नकाशा मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडावा, आणि समितीच्या ठरावासह ग्रामपंचायत, क्षेत्रीय कार्यालय किंवा बांधकाम विभाग यांपैकी ज्यांच्याकडे तो रस्ता असेल त्यांस पाठवावा. ‘सुरक्षेची सोय व्हावी’ असे मोघम लिहू नये. ‘फाटकापुढे गतिरोधक व झेब्रा पट्टे हवेत, वडाजवळचा पदपथ ०.६ मीटरच मोकळा आहे’ असे मोजमापासह लिहावे. उत्तर न आल्यास तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून पुन्हा पाठवावे. मधल्या काळात शाळा सुटताना वर्ग पाच पाच मिनिटांच्या अंतराने सोडणे आणि फाटकाशी एका शिक्षकाने उभे राहणे, एवढे तरी शाळेच्या हातात आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत किती ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो? नकाशा काढा.
२. ८ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास तुम्हांस किती सेकंद लागतात? मैदानावर मोजून पाहा. तेवढ्या वेळात ताशी ४५ किलोमीटर वेगाचे वाहन किती पुढे येईल?
३. आजी किंवा आजोबांस सोबत घेऊन तीच वाट चाला. त्यांस कोठे अडचण आली ते लिहा.

मुलास सावध राहावयास शिकवणे हे शिक्षकाचे काम आहेच. परंतु मूल हे मूल आहे, ते एखादे दिवशी चुकणारच. त्या एका चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, इतका रस्ता सुधारून घेणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि त्या कामाची सुरुवात शाळेच्या फाटकापासून होऊ शकते.