जुन्या जीपचें नवें इंजिन व पेट्रोलचा दाब

साकोली, लाखनी, लाखांदूर या बाजूच्या विद्यार्थ्यांस तलावाचा सांडवा म्हणजे काय हें सांगावयास नको. कोहळी लोकांनीं पूर्वीं बांधलेल्या तलावांची पाळ, शेतांत पाणी सोडण्याचें तोंड आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा त्यांच्या नित्य पाहण्यांतले आहेत. श्रावणांत ओढा कितीहि फुगला तरी पाणी सांडव्याच्या माथ्याच्या फारसें वर चढत नाहीं. पातळी कायम राहते म्हणून तोंडावाटे बांधींत जाणारें पाणीहि सारखें राहतें. ज्या यंत्रभागाविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे तो म्हणजे मोटारींतील पेट्रोलचा सांडवाच होय. त्यास आम्ही दाबनियामक म्हणूं. मिस्त्री लोक त्याला प्रेशर रेग्युलेटर म्हणतात.

हा विषय घेण्याचें कारण असें. महिंद्र कंपनीनें पूर्वीं मुंबईस जीपची जुळणी सुरू केली. त्या जातीच्या पेट्रोल जीपा हौसेनें जपणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. जुनें इंजिन झिजलें कीं मारुती जिप्सीचें १.३ लिटरचें, इंजेक्टरचें इंजिन त्या जागीं बसवावें, असा विचार पुढें येतो. इंजिनाची किंमत विचारली जाते, गिअरबॉक्स जुळेल कीं नाहीं तें पाहिलें जातें. पेट्रोलच्या दाबाचा विचार मात्र शेवटीं, जो भाग हातीं येईल तो लावून उरकला जातो. आणि जुन्या जीपची पेट्रोलची टाकी तर चालकाच्या बैठकीखालींच असते!

जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर होता. त्याला पेट्रोल केवळ पोंचविलें म्हणजे पुरे. इंजिनावरील लहानसा पडद्याचा पंप तें काम पाव बारच्या आसपास दाबानें करी. एक बार म्हणजे सुमारें दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. इंजेक्टरच्या इंजिनास बहुधा अडीच ते साडेतीन बार लागतात, म्हणजे तीस मीटर खोल तलावाच्या तळाशीं असेल तेवढा दाब. विजेचा पंप हा दाब देतो. पण पंपास प्रमाण कळत नाहीं, तो ढकलीत राहतो. दाब ठरल्या आंकड्यावर रोखणें हें नियामकाचें काम. त्यांत एक लवचीक पडदा व एक स्प्रिंग असते. पेट्रोलचा दाब स्प्रिंगहून वरचढ झाला कीं पडदा उचलला जाऊन झडप उघडते, व जादा पेट्रोल परतीच्या नळीनें टाकींत जातें.

आतां थोडें गणित करूं. छिद्रांतून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. दाब चौपट केला तर प्रवाह दुप्पट होतो. पण हा दाब म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक, हें विसरूं नये. बांधींत आधींच पाणी उभें असेल तर तलावाचें पाणी तींत हळू शिरतें, तसेंच हें आहे. इंजेक्टरचें तोंड इंजिनाच्या श्वासनलिकेंत, म्हणजे मॅनिफोल्डमध्यें, उघडतें. इंजिन मंद चालत असतां तेथील दाब बाहेरील हवेपेक्षां सुमारें ०.६५ बारनें कमी असतो, व ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतां तो जवळजवळ बाहेरील हवेएवढा होतो. नियामक ३ बारवर अढळ धरला तर मंद गतींत खरा फरक ३.६५ बार होतो. ३.६५ ला ३ नें भागून वर्गमूळ काढा; उत्तर १.१० येतें. म्हणजे इंजेक्टर तितकाच वेळ उघडला तरी पेट्रोल शेंकडा दहा अधिक पडतें. यासाठीं पुष्कळ नियामकांच्या पडद्यामागें मॅनिफोल्डची एक बारीक नळी जोडलेली असते. मग मंद गतींत कांटा २.३५ बार दाखवितो व पूर्ण जोरांत ३ बार. कांटा उतरला म्हणून पुष्कळ जण नियामक बिघडला असें समजतात. वस्तुतः फरक दोन्ही वेळां ३ बारच असतो.

मग सर्वांनींच नळीचा नियामक घ्यावा काय? नाहीं. कित्येक इंजिनांत नियामक टाकींतच असतो, त्यास मॅनिफोल्डची नळी नसते, व कमीअधिक दाबाचा हिशेब संगणक करतो. अशा इंजिनास नळीचा नियामक लावला तर संगणकाचा हिशेब उलटा चुकेल. म्हणून नियामक निवडावयाचा तो गाडी पाहून नव्हे, तर येणारें इंजिन व त्याचा संगणक पाहून. त्या इंजिनाच्या दुरुस्तिपुस्तकांत दिलेला दाब व पद्धत हींच प्रमाण मानावीं. मूळ नियामक शाबूत असेल तर तोच उत्तम; दाब वाढविल्यानें शक्ति वाढते ही समजूत आम्हांस केवळ पेट्रोल जाळण्याचा मार्ग वाटते.

परतीची पद्धत असल्यास परतीच्या नळीकडेहि पाहावें. ८० अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण जोरांत तासाला सुमारें २४ लिटर पेट्रोल खातें, मंद गतींत लिटरभर. पंप मात्र तासाला ८० ते १०० लिटर लोटीत असतो. म्हणजे मंद गतींत जवळजवळ सर्व पेट्रोल परत गेलें पाहिजे. नळी अरुंद असली तर सांडवा तुंबल्यासारखें होऊन दाब आंकड्याच्या वर चढतो. कार्ब्युरेटरच्या जीपच्या टाकीस परतीचें तोंड नसेल तर तें जोडावें लागतें, आणि येथें आम्ही पालकांस कळकळीनें सांगतों : टाकी रिकामी केली म्हणून तिला वेल्डिंग लावूं देऊं नका. रिकाम्या टाकींत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण भरलेलें असतें. त्याचा भडका भरल्या टाकीहूनहि भयंकर असतो. तयार तोंडाची टाकी बसवावी, किंवा टाकी शास्त्रोक्त रीतीनें वाफमुक्त करणाऱ्याकडेच काम द्यावें. जुन्या रबरी नळ्याहि तीन बार सोसण्यासाठीं केलेल्या नसतात. इंजेक्टरच्या गाडीच्याच नळ्या व पट्ट्या घ्याव्या.

पडदा कशाचा आहे हेंहि विचारावें. २०२३ पासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकावयास आरंभ झाला. हें इथेनॉल ऊंस व मका यांपासून होतें, तसें तांदळाच्या कणीपासूनहि होतें. धानाच्या आपल्या जिल्ह्यास यांत नवल वाटूं नये. परंतु जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें व चिरतें. पडदा फाटला कीं पेट्रोल त्या बारीक नळीवाटे थेट मॅनिफोल्डमध्यें शिरतें. नळी काढून पाहावी. आंत ओल दिसल्यास नियामक बदलावा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

काम पुरें झाल्यावर इंजिन सुरू न करतां केवळ पंप चालवावा व कांटा पाहावा. पंप थांबवितांच कांटा झपाट्यानें शून्यावर आला तर कोठें तरी गळती आहे, अथवा झडप बसत नाहीं. मग बॅटरीची तार सोडवून, बैठक उचलून, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. उजेडासाठीं विजेरी घ्यावी, काडी ओढूं नये.