रीत साठवणारे खिशातले यंत्र

कापडाच्या धंद्यात आम्ही दिवसभर कॅल्क्युलेटर हाताळतो. पण त्यावर फक्त समोरचा हिशेब होतो. पुढच्या बिलासाठी सगळ्या कळा पुन्हा दाबाव्या लागतात. हिशेबाची रीतच साठवणारे खिशातले पहिले यंत्र अमेरिकेच्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९७४ साली काढले. नाव एचपी-६५, किंमत ७९५ डॉलर. त्यात १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम मावे. प्रोग्रॅम म्हणजे कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या याची यादी. ती छोट्या चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवता येई. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ या अमेरिका-रशियाच्या अंतराळ मोहिमेतही हे यंत्र यानातील संगणकाला राखीव म्हणून सोबत होते.

आता आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. १९८१ साली याच कंपनीचे एचपी-१२सी हे व्यापारी हिशेबाचे यंत्र आले. त्यावर 'बरोबर'ची कळ नाही. आधी आकडे, मग क्रिया. समजा, कापड ४० मीटर, भाव ५५ रुपये, सूट ५ टक्के. प्रोग्रॅमच्या पायऱ्या चारच: गुणाकार, ५, टक्के, वजाबाकी. त्या एकदा भरल्या की ४० एंटर, मग ५५ आणि प्रोग्रॅम चालू करण्याची कळ. उत्तर २,०९० रुपये. पुढचा तागा ३६ मीटरचा असेल तर १,८८१.

धोकाही इथेच आहे. ५ ऐवजी ६ भरला गेला तर यंत्र हरकत घेत नाही. ४० मीटरच्या बिलात २२ रुपये जातात. तशा शंभर बिलांत २,२००. हाताची चूक एका बिलापुरती राहते, साठवलेली चूक प्रत्येक बिलात उतरते.

यावरचा उपाय या यंत्रांच्या शौकिनांकडून शिकण्यासारखा आहे. १९७४ सालीच रिचर्ड नेल्सन यांनी कॅलिफोर्नियात एचपी-६५ वापरणाऱ्यांची मंडळी उभी केली. '६५ नोट्स' या पत्रिकेतून सभासद आपले प्रोग्रॅम एकमेकांना देत. दुसऱ्याला द्यायचे तर पायऱ्या लिहाव्याच लागतात, आणि लिहिलेले दुसरा तपासू शकतो.

आज हे काम मोबाईल आणि संगणक करतात. शिस्त मात्र तीच हवी. व्यापारी बांधवांनो, हिशेबाची रीत आधी वहीत लिहा. उत्तर माहीत असलेल्या जुन्या बिलावर ती तपासा. सूट किंवा कर बदलला की पुन्हा तपासा. आणि ती रीत पेढीवरच्या दुसऱ्या माणसालाही शिकवून ठेवा.