भंगारातला ट्रॅक्टर: ओढ आणि आवर

अल्प भांडवलात यंत्रबळ हाती यावे या रास्त अपेक्षेने आमच्या वडीलबंधूंनी जुन्या जीपचे एंजिन, ट्रकचा मागचा आस आणि एकापाठोपाठ जोडलेल्या दोन गिअरपेट्या यांच्या संयोगातून जो ट्रॅक्टर उभा केला, त्याच्या सहवासात मला एवढे निश्चित उमगले की, ओढ निर्माण करणे त्या मानाने सुलभ असते. तिला आवर घालणे हेच खरे कसब होय.

मोटारीचे भाग हलक्या भाराने वेगात धावण्यासाठी घडविलेले असतात. नांगराला मात्र ताशी चार-पाच किलोमीटरची संथ, पण अखंड ओढ लागते. एका पेटीने वेग तिपटीने उतरविला आणि दुसरीनेही तितकाच उतरविला, तर आसाकडे जाणारा पीळ नऊपट होतो, आणि हलक्या गाडीच्या आसातले क्राउन-पिनियन हे दातेचक्र त्यापुढे टिकत नाही. सबब आस ट्रकचाच घ्यावा. संथ चालीत रेडिएटरला समोरचा वारा लाभत नसल्याने पंखाही मोठा बसवावा.

सर्वांत गंभीर प्रकरण नांगर ओढणाऱ्या साखळीचे. एकदा पड जमीन नांगरताना फाळ बाभळीच्या मुळात अडकला. साखळी आसाच्या वर, बैठकीखालच्या पट्टीला बांधलेली असल्यामुळे मागची चाके पुढे सरेनात, एंजिनचा जोर मात्र ओसरेना, आणि पाहता पाहता पुढची चाके कमरेइतकी वर उचलली गेली. बंधूंनी तत्क्षणी क्लच दाबला म्हणूनच ट्रॅक्टर त्यांच्या अंगावर उलथला नाही. तेव्हा साखळी नेहमी आसाच्या खाली अडकवावी, पुढे वजन बांधावे आणि चालकाभोवती लोखंडी सांगाडा उभारावा; स्वीडनमध्ये तर नव्या ट्रॅक्टरांवर असा सांगाडा 1959 पासूनच सक्तीचा आहे.

कायद्याचाही मुलाहिजा राखावा. अशा जोडतोडीने बनविलेले वाहन, म्हणजे ‘जुगाड’, हेही मोटार वाहनच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला आहे. नोंदणी व विम्यावाचून ते सडकेवर आणले आणि अपघात घडला, तर नुकसानभरपाईची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

म्हणून, ज्याला बांधाच्या आत कोळपणी, फवारणी किंवा शेणखताची वाहतूक करावयाची आहे, त्याने असे यंत्र खुशाल बांधावे. खोल नांगरट मात्र भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करवून घ्यावी, कारण तिचे भाडे दवाखान्याच्या बिलाहून नेहमीच कमी असते.