ट्रॅक्टरचे ब्रेक अकाली का झिजतात?

कापूस वेचणी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या वणी, पांढरकवड्याच्या बाजाराकडे धावू लागतात. अशा वेळी उतारावर ब्रेक लागला नाही, तर गाठ जिवाशी असते.

कारणे : (१) चालवताना पायडलवर पाय ठेवण्याची सवय. (२) शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक वारंवार दाबणे. (३) बिनब्रेकच्या ट्रॉलीत क्षमतेपेक्षा जास्त माल. (४) कोरड्या ब्रेकमध्ये शिरलेला काळ्या जमिनीचा चिखल.

उपाय : रस्त्यावर दोन्ही पायडल एकत्र जोडावेत. त्यांची मोकळी चाल माहितीपुस्तिकेप्रमाणे सारखी ठेवावी. लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. तेलातील ब्रेक असल्यास शिफारशीचेच तेल वापरावे. उतारावर न्यूट्रल न करता खालच्या गिअरमध्ये उतरावे.

लायनरवर सहसा हमी नसते. तरीही नव्या ट्रॅक्टरचे ब्रेक नीट वापरूनही लवकर गेल्यास विक्रेत्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पावत्या व काढलेले लायनर जपून ठेवावेत. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी वकील बंधनकारक नाही.